प्रवासाला निघताना कडक भाकरी बांधून घ्या, ढाब्याचा नाद सोडा

शेंगाकूट
सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तर साडेचार तास. एवढ्यात कुणी उपाशी मरत नाही, तरी टेंभुर्णी आली की गाडी वळतेच. मिसळ, वडे, वरून चहा, आणि मग इंदापूरपर्यंत गाडीतले सगळे पेंगलेले.

माझं मत सरळ आहे. सोलापूरच्या माणसानं प्रवासात बाहेरचं खाणं हा निव्वळ आळस आहे. आपल्याकडे कडक भाकरी आहे. ज्वारीची घ्या, बाजरीची घ्या, पातळ थापून भाजलेली आणि मंद आचेवर कडक होईपर्यंत शेकलेली. ओलावाच उरत नाही, म्हणून कोरड्या डब्यात ती आठवडेच्या आठवडे टिकते. जोडीला शेंगाचटणी, तीही कोरडी. एक कांदा, वाटेत ताकाची पिशवी. झालं जेवण! मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आणि आपण मोहोळ ओलांडायच्या आत मैद्याचा पाव शोधतो.

वंदे भारतला तिकीट काढतानाच जेवण नको म्हणून सांगता येतं. मी तसंच करतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस तर रात्रीची गाडी, घरून जेवून बसायचं आणि झोपायचं. मग अडचण कुठं आहे?

उजनीचा_मासा
अडचण ‘निव्वळ आळस’ या दोन शब्दांत आहे. माझी फिरतीची नोकरी. लातूर, विजयपूर, कलबुर्गी, परत सोलापूर. पहिल्या दिवशी डबा असतो. दुसऱ्या दिवशी काय, तिसऱ्या दिवशी काय? चार दिवस भाकरी आणि चटणी चावून बघा, मग आळसावर बोलू.

दुसरं म्हणजे, ‘डबा म्हणजे आरोग्य’ हे कुणी ठरवलं? कडक भाकरीचं ठीक आहे, पण बहुतेकांच्या डब्यात असते बटाट्याची भाजी, पोळी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. मे महिन्यात सोलापूर बेचाळीसला टेकलेलं, डबा डिकीत. शिजलेल्या अन्नात 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. एवढ्या उन्हात तासाभरातच ते अन्न बिनभरवशाचं होतं. त्यापेक्षा समोर तव्यावरून उतरलेली भाकरी आणि वाफाळतं पिठलं कितीतरी सुरक्षित.

बाहेर खायचं कसं, हे शिकावं लागतं. गर्दीच्या ठिकाणी थांबावं, तिथं माल पडून राहत नाही. आपल्या पट्ट्यात रोटीऐवजी भाकरी मागितली तर मिळते. भिगवणला उजनीचा मासा घ्यावा, पण तळलेला नाही, रश्श्यातला. कापून ठेवलेला कांदा-काकडी, पाणी घालून पातळ केलेली चटणी, उघड्यावरची कलिंगडाची फोड, याला हात लावू नये. एवढं पाळलं की पोट बिघडत नाही.

शेंगाकूट
रश्श्यावरचा तवंग विसरलात की काय? आणि तळणीचं तेल? तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. हायवेवर कढईत डोकावून ते कोण मोजतं? तेल काळं पडलं तरी त्यात पुढचा घाणा सुटतोच. तुमचे नियम चांगले आहेत, पण ते पाळायला ढाब्यावर गेल्यावर मन थाऱ्यावर लागतं. शेजारच्या टेबलावर भजी आली की संपलं.

ओल्या भाज्यांच्या डब्याचं मी बोललोच नाही. मी कोरड्याचंच बोलतोय.

बाळीवेशीतला
काय भांडलालाव राव सकाळी सकाळी! माणूस तुळजापूरला गेला, अक्कलकोटला गेला, तर प्रसादाला नाही म्हणणार का? गाणगापूरला जाऊन डबा उघडणार? प्रवासात दोन घास इकडचे तिकडचे खाल्ले तर काय बिघडतं? रोज थोडंच जातो आपण. मी तर सावजी मटण खाऊनच गाडीत बसतो, पुण्यापर्यंत भूक नाही की तहान नाही.

साखर_मोजणारी
बाळीवेशीतले, तहान लागत नाही हेच तर वाईट आहे. त्यावर नंतर येते.

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचणार. शेंगाचटणी कोरडी म्हणजे बिनतेलाची, असं समजू नका. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात आणि वजनाचा जवळजवळ अर्धा भाग स्निग्धांश. प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणून पदार्थ उत्तमच. पण दोन चमचे वेगळे आणि गाडीत गप्पा मारता मारता अर्धी बरणी वेगळी. मीठही बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, सगळं धरून. चटणी, लोणचं, मसाला ताक असं जमत गेलं की रक्तदाबवाल्यांचा हिशेब गाडीतच संपतो.

मधुमेह असेल तर ज्वारी म्हणून तीन भाकऱ्या खायची मुभा नाही. पीठ ते पीठच. तिथं ढाब्यावरची एक भाकरी, डाळ आणि दही हे जास्त बरं, कारण वेळेवर मिळतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं ‘पुण्यात पोचल्यावरच जेवू’ म्हणून रेटू नये. गाडी अडकली की साखर खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात. खिशात ग्लुकोजची गोळी किंवा साखर ठेवा.

म्हणजे ढाब्याचा नाद सरसकट सोडा, हे मला मान्य नाही.

पहाटेचा_गजर
इतका वेळ वाचत होते. ‘बांधून घ्या’ म्हणायला सोपं आहे. पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पहाटेच गाठायची असते. डबा बांधणारा हात कुणाचा, हे वर कुणी विचारलं? आमच्याकडे तीन दिवसांच्या लग्नाला निघायचं म्हटलं की आदल्या रात्री धपाटे मी करते, चटणी मी कुटते, आणि गाडीत ‘आरोग्याचं खाणं’ म्हणून कौतुक दुसऱ्याचं होतं. शेंगाकूट, तुमची भाकरी कोण थापतं?

आणि पाण्याचं. एसटीनं किंवा गाडीनं पाच-सहा तास जायचं असलं की आम्ही बायका सकाळपासून पाणीच कमी पितो. कारण सगळ्या बायकांना ठाऊक आहे, स्वच्छतागृह. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, पोट साफ होत नाही, आणि घरी आल्यावर खापर फुटतं वड्यावर. भाकरी आणि शेंगा कोरड्याच, त्यावर पाणी प्यायचं नाही, मग ते बद्धकोष्ठतेचंच जेवण झालं. मी ढाब्यावर थांबा म्हणते ते जेवणासाठी नाही. तिथलं स्वच्छतागृह बरं असतं, आणि एक चहा घेतला की तिथं उभं राहायला संकोच वाटत नाही.

साखर_मोजणारी
मी जे ‘नंतर येते’ म्हटलं होतं, ते हेच. माझ्याकडे प्रवासानंतर तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये ‘काय खाल्लं’ याच्या आधी ‘किती पाणी प्यायलात’ हे विचारावं लागतं. तंतुमय पदार्थ पाण्याशिवाय काम करत नाहीत.

शेंगाकूट
माझी भाकरी विकतची असते, बाजारातून पाकिटं मीच आणतो. मिळते ना सोलापुरात कुठंही, पहाटे उठायची गरज काय? चटणीही विकतची. म्हणून तर मी भाजी-पोळीचा डबा म्हणत नाही, कडक भाकरी म्हणतो.

पाण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. थांबा घ्यावा, दर दोन तासांनी घ्यावा, पायही मोकळे होतात. पण थांबणं वेगळं आणि मेन्यू कार्ड उघडणं वेगळं. चहा घ्या नि निघा. भज्यांची प्लेट मी तरी मान्य करणार नाही.

उजनीचा_मासा
चहात साखर किती घालतात हायवेवर, ते तुम्ही धरलंच नाही. असो! भिगवणला भेटा, रस्सा माझ्याकडून.

नवी_पेठ
मधेच विचारते. आई-बाबा कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्लीला निघालेत, एका दिवसाहून जास्त प्रवास. दोघांनाही कवळी आहे. कडक भाकरी कशी चावणार?

शेंगाकूट
चुरून ताकात किंवा गरम डाळीत भिजवायची. पाच-दहा मिनिटांत मऊ होते.

साखर_मोजणारी
चालेल, पण ताक घरून नेऊ नका, वाटेत थंड आणि बंद पाकीट घ्या. दहीभात दिलात तर पहिल्या सकाळीच संपवायला सांगा, शिल्लक राहिला तर टाकून द्यायचा. दुसऱ्या दिवशी गाडीतली गरम इडली किंवा डाळभात घेऊ दे. केळी, संत्री अशी सोलून खायची फळं आणि बंद बाटलीतलं पाणी. औषधांची पिशवी वरच्या बॅगेत नको, हाताशी.

पहाटेचा_गजर
आणि आईंना खालचा बर्थ, स्वच्छतागृहापासून फार लांब नसलेला. म्हणजे त्या पाणी पितील.