बाबांना ‘इन्कम टॅक्स’वाल्याचा फोन, आता पुढे काय करू?

मदत हवी आहे. काल दुपारी बाबांना फोन आला, “आयकर विभागातून बोलतोय, तुमचा 18,400 रुपयांचा रिफंड अडकलाय.” बोलणं शुद्ध मराठीत, पॅन नंबरही बरोबर सांगितला, म्हणून बाबा भुलले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (अ‍ॅपची) फाइल त्यांनी इन्स्टॉल केली. ओटीपी द्यायच्या आत आईने फोन हिसकावला, नशीब! आयकर विभागाच्या पोर्टलवर लॉगिन करून पाहिलं, एकही नोटीस नाही. खऱ्या नोटिशीवर डीआयएन (नोटिशीचा ओळख क्रमांक) असतो, तो मागितल्यावर फोनवरचा बुवा उखडलाच. बँकेला कळवून नेटबँकिंग बंद केलंय, फोन फ्लाइट मोडवर आहे. पैसे गेलेले नाहीत, तरी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतात का? आणि फोन रीसेट केला तर पुरावा जाईल का? कुणाला अनुभव असल्यास प्लीज सांगा, बाबा जेवलेसुद्धा नाहीत.