मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या कॅसेटवरील प्रोग्राम वाचवण्यासाठी

क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८२ साली १६ के मेमरीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांत बाजारात आणला, तेव्हा घरच्या टीव्हीला जोडलेल्या या छोट्या संगणकावर उद्याचे जग आपणच घडवणार, असे अनेकांना मनापासून वाटत होते. त्याच विश्वासाने लिहिलेले ‘बेसिक’ या प्रोग्रामिंग भाषेतले काही हौशी प्रोग्राम माझ्याकडे कॅसेटवर आहेत आणि ते कधीच प्रकाशित न झाल्यामुळे त्यांची दुसरी प्रत नाही.

स्टिरिओ कॅसेट प्लेअरवरून ४४,१०० हर्ट्झने ध्वनिफाइल करून एम्युलेटरला (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिली असता १७ बाइटचे हेडर, म्हणजे प्रोग्रामची ओळख सांगणारा सुरुवातीचा भाग, नीट वाचले जाते, प्रोग्रामचे नावही पडद्यावर उमटते. परंतु पुढचा डेटा वाचताना ‘टेप लोडिंग एरर’ येते. आवाजाची पातळी बदलून पाहिली, डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवले, फीत वाचणारे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. दोन्ही चॅनल एकत्र न करता केवळ डावा घेतल्यास वाचन थोडे पुढे सरकते. विकतचे गेम मात्र याच प्लेअरवर सहज लोड होतात, म्हणून प्रोग्राम साठवणाऱ्या मूळ रेकॉर्डरच्या हेडचा कोनच वेगळा असावा आणि त्यामुळे दोन चॅनल किंचित मागेपुढे वाचले जात असावेत, असे मला वाटते.

फितींवरचा थर सुटू लागला असल्याने त्या वारंवार वाजवता येणार नाहीत; कुरिअरने पाठवण्याचीही माझी तयारी नाही. अशा स्थितीत प्रत्येक कॅसेटसाठी तीव्र स्वर सर्वांत स्पष्ट ऐकू येईपर्यंत हेडचा स्क्रू फिरवावा, की एकदाच रेकॉर्डिंग करून दोन चॅनलमधील वेळेचा फरक सॉफ्टवेअरने दुरुस्त करणे अधिक सुरक्षित ठरेल?