कॉर्न्ड बीफ आणि कोबी: स्लो कुकरमध्ये माझं नेमकं काय चुकलं?

करंजेकर | ११ मार्च

नमस्कार मंडळी. बीफ खावं की खाऊ नये हा वाद कृपया इथे नको. ज्यांना चालत नाही त्यांनी सरळ पुढे जावं, राग नाही.

मी मूळचा सातारचा. सहा वर्षं बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात एका थ्री-डेकरच्या मधल्या मजल्यावर भाड्याने राहतोय. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, वय ८१, आजोबा आयर्लंडहून आलेले. दर १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला (आयरिश लोकांचा सण), त्यांच्याकडून एक झाकलेलं ताट वर यायचं: कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस), कोबी, बटाटे, गाजरं. गेल्या वर्षी बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, यंदा मी करतो.

केलं ते असं. ६ क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटरचा) स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. साडेतीन पौंडांचा ब्रिस्केट, फ्लॅट कट. पिशवी फोडून आतल्या खारवणीसकट तसाच ओतला, वर पाणी, आणि सवयीने हात गेला म्हणून चमचाभर मीठ. बटाटे, गाजरं, कोबी सगळं सकाळी ९ लाच कोंबलं. हायवर ५ तास. मध्ये तासातासाला झाकण उघडून बघत होतो.

मांस वातड, चपलेसारखं. कोबीचा पिवळा लगदा. जिन्यात वास. खारटपणाचं तर विचारू नका. बाई काही बोलल्या नाहीत. "लव्हली, डिअर," म्हणाल्या आणि तीन ग्लास पाणी प्यायल्या.

मला कोडं हे आहे की थर्मामीटर १६० फॅरनहाइट दाखवत होता. म्हणजे शिजलं होतं ना? मग जास्त शिजून चिवट झालं की कमी शिजून? आणि आतून गुलाबी का? यंदा पुन्हा प्रयत्न करायचाय.

शिट्टीबहाद्दर | ११ मार्च

स्लो कुकर गॅरेज सेलमध्ये काढा. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेचा प्रेशर कुकर) दीड तास, मग वाफ आपोआप जिरू द्या. काम तमाम. आम्ही दरवर्षी असंच करतो.

वसईची धाकटी | १२ मार्च

शिट्टीबहाद्दर, तुमचं बरोबर आहे, पण त्याने विचारलंय स्लो कुकरचं. आणि सकाळी लावून कामाला जायचं असेल तर तेच भांडं बरं.

करंजेकर, मी क्विन्सीत राहते, म्हणजे तुझ्या शेजारीच. वयाने मोठी असेन म्हणून अरेतुरे करतेय. हा पदार्थ पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. आमच्या वसईच्या घरी नाताळासाठी जीभ खारवायचे. आजी ती काट्याने टोचटोच टोचायची, मीठ, लिंबाचा रस, थोडी साखर आणि चिमूटभर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) चोळायची, चिनी मातीच्या बरणीत घालून वर वरवंटा ठेवायची. रोज उलटायची. सोऱ्याच्या पुडीला आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही, जास्त पडला तर विष म्हणून. शिजल्यावर काप कसे गुलाबी निघायचे! तुझ्या ब्रिस्केटचा गुलाबी रंग त्यातलाच. कारखान्यात सोऱ्याऐवजी सोडियम नायट्राइट वापरतात, आणि त्याने मांस पूर्ण शिजलं तरी गुलाबीच राहतं. रंगावरून शिजण्याचा अंदाज करूच नकोस.

आता चिवटपणा. तुझं मांस कमी शिजलं होतं. ब्रिस्केट म्हणजे जनावराची छाती. उभ्या जनावराचा भार तिथे येतो, म्हणून त्यात मांसाच्या धाग्यांना बांधून ठेवणारं चिवट कोलॅजेन फार. १४५ ला ते खायला सुरक्षित झालं, १६० ला अजूनच. पण मऊ व्हायला ते कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हावं लागतं, आणि ते काम १९० ते २०० च्या आसपास, तेही तासन्‌तास. तू बरोबर मधे काढलंस. अजून तीन तास ठेवलं असतंस तर हीच चिठ्ठी लिहिली नसतीस. थर्मामीटर बाजूला ठेव. काटा घालून फिरव, आपोआप फिरला की झालं.

बहुतेक स्लो कुकरांत लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जवळच जातात, फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा. तू दर वेळी झाकण उघडलंस की वाफ गेली, आणि ती परत साठायला वीस मिनिटं, अर्धा तास सहज जातो. पाच वेळा उघडलंस ना? हिशोब तूच कर.

मी कसं करते ते सांगते. फ्लॅट कट दिसायला छान, कापायला सोपा, पण चरबी कमी म्हणून कोरडा पडतो. मी पॉइंट कट घेते. या आठवड्यात दुकानांत दोन्ही स्वस्त असतात. आदल्या रात्री पिशवीतली खारवण सिंकमध्ये ओतून द्यायची, मांस नळाखाली धुवायचं आणि थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं. झोपण्याआधी एकदा पाणी बदलायचं. सकाळी ८ ला कुकरच्या तळाशी लाल सालीचे अख्खे बटाटे आणि गाजराचे जाड तुकडे. तळाशी का, तर आच तळाकडून आणि बाजूंनी येते, आणि या भांड्यात भाजी मांसापेक्षा हट्टी असते. त्यावर मांस, चरबीची बाजू वर. पाणी मांसाच्या जेमतेम बरोबरीने. मीठ अजिबात नाही! मिठाचा डबा त्या दिवशी फडताळात बंद.

सोबत मसाल्याची पुडी येते तिच्यात मोहरी, धणे, मिरी, तमालपत्र, ऑलस्पाइस असलं काहीबाही असतं. निम्मं तर तुझ्या मिसळणाच्या डब्यातच आहे, म्हणून मी मूठभर धणे आणि चार लवंगा वर टाकते. फोडणी वगैरे करू नकोस, मी एकदा केलीय. घरच्यांनी अजून माफ केलेलं नाही.

लोवर ९ तास. झाकण बंद.

आणि कोबी. सगळ्या पाककृतींत लिहितात शेवटच्या दीड तासात कोबी वर ठेवा. ठीक आहे, होतो. पण मला विचारशील तर स्लो कुकर हे कोबीचं भांडंच नव्हे. कोबी जितका जास्त वेळ शिजेल तितका तो गंधकाचा वास सुटतो, तुझ्या जिन्यात होता तोच. मी मांस बाहेर काढून झाकून ठेवते, कुकरमधलं पाणी गाळून पातेल्यात घेते, चव बघून खारट असेल तर साधं पाणी मिसळते आणि गॅसवर खळखळ उकळते. कोबीच्या आठ फोडी, देठाचा गड्डा न काढता, म्हणजे पानं सुटत नाहीत. बारा ते पंधरा मिनिटं, बस. तेवढ्यात मांसही मुरतं.

कापताना धाग्यांच्या आडवं कापायचं. शिजल्यावर धागे नेहमीच नीट ओळखू येतील असं नाही, म्हणून कच्चं असतानाच दिशा बघून एका कोपऱ्याला छोटी चीर देऊन ठेव.

पेठेतला पाहुणा | १२ मार्च

एक पुरवणी. ‘कॉर्न्ड’मधला कॉर्न म्हणजे मका नव्हे, जाड मिठाचे खडे. आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून १७ व्या-१८ व्या शतकांत खारवलेलं बीफ जहाजं भरभरून बाहेर जायचं, पण ती गुरं पाळणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात क्वचितच. त्याच्याकडे डुकराचं बेकन आणि कोबी. न्यूयॉर्कला आल्यावर ज्यू खाटकांकडे स्वस्तात खारवलेला ब्रिस्केट मिळाला आणि बेकनची जागा त्याने घेतली. म्हणजे हा पदार्थ आयर्लंडपेक्षा अमेरिकेचाच जास्त. डब्लिनमध्ये १७ मार्चला मागाल तर वेटर तुम्हाला पर्यटक समजेल.

करंजेकर | १३ मार्च

वसईची ताई, काय लिहिलंत! छापून फ्रिजवर लावलंय. पाहुणे, हे बाईंना सांगायची माझी हिंमत नाही.

एक नवी अडचण. बाईंना सहज विचारलं तर म्हणाल्या, लाल नको, करडं आण. दुकानात बघितलं तर खरंच ‘ग्रे’ कॉर्न्ड बीफ निराळं मिळतं. हे काय प्रकरण?

वसईची धाकटी | १३ मार्च

अरे, बाई अस्सल बॉस्टनच्या आहेत! करडं म्हणजे नुसत्या मिठाचं, नायट्राइट नाही, म्हणून रंग साध्या उकडलेल्या मांसाचा. हे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचंच वेड, इथल्या जुन्या आयरिश घरांत त्याच्याशिवाय चालत नाही. कृती तीच, पण ते जास्त खारट लागतं, तेव्हा पाण्यात ठेवणं चुकवू नकोस, पाणी दोनदा बदल.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात १७ तारीख शुक्रवारी आली की आम्हा कॅथलिकांची पंचाईत, शुक्रवारी मांस वर्ज्य. २०१७ आणि २०२३ मध्ये तसं झालं होतं, तेव्हा इथल्या बऱ्याच बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली. माझ्या आईला वसईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "कोबीसाठी सूट?" म्हणाली.

करंजेकर | १८ मार्च

काल केलं. करडं, पॉइंट कट, चार पौंड. दुपारी ३ ला काटा घातला (हो, झाकण उघडलं, एकदाच), कडक लागलं आणि पोटात गोळा आला. हायवर न्यायला हात गेला होता, मागे घेतला. साडेपाचला काटा लोण्यात फिरावा तसा फिरला. मांस आकसून बरंच लहान झालं होतं, चौघांना पुरेल म्हणून घेतलं ते तिघांचं झालं.

कोबी पातेल्यात केला. हिरवा राहिला! ताट झाकून खाली नेलं. बाईंनी आधी कोबीची एक फोड उचलून वास घेतला. मग पिवळी मोहरीची चटणी मागितली, आणि बटाटे सोलायला हवे होते म्हणाल्या. त्यांची आई सोलायची. पाणी एकच ग्लास.

दोनेक मूठ मांस आणि तीन बटाटे उरलेत. त्याचं काय करू? सँडविच करायला राय ब्रेड नाहीये घरात.

वसईची धाकटी | १८ मार्च

हॅश कर. दोन्ही बारीक चिर, एक कांदा घे, लोखंडी तवा चांगला तापव, थोडं लोणी. सगळं पसरून उलथन्याने दाब आणि हात आवर, सारखं हलवू नकोस. खालून खरपूस झालं की मगच उलट. वर अंडं फोड. मीठ नाही.