रेल्वे गेली म्हणून नारायणगाव बुडणार नाही, मार्केट बसलं तर बुडेल

मीननेरकर (धागा सुरू करणारा)

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे आपल्या नारायणगाववरून जाणार नाही, हे आता ठरल्यात जमा आहे. खोडदची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आड येते हे कारण देऊन रेल्वेने हा मार्ग बाजूला ठेवला आणि नाशिक, शिर्डी, अहिल्यानगर, पुणे असा वळसा पुढे केला. तेव्हापासून जुन्नर तालुक्यात संताप आहे, आणि संताप खोटा नाही. पण सगळी ताकद याच एका मागणीमागे लावणं मला चुकीचं वाटतं. गावात हे बोलायला गेलं की पहिल्याच वाक्याला अडवतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नारायणगाव कशावर जगतं? बाजारपेठेतून वारूळवाडीपर्यंत एक चक्कर मारा. कृषी सेवा केंद्रं, रोपवाटिका, ठिबकची दुकानं, मल्चिंग पेपर, तार-बांबू-सुतळी, क्रेट, मोटर रिवाइंडिंग, ट्रॅक्टरचे पार्ट. त्यांच्या आधाराने कापड, सराफ, दवाखाने, बँका, पतसंस्था. या सगळ्यांचं गिऱ्हाईक एकच, येडगाव, वडज, माणिकडोह धरणांच्या पाण्यावर टोमॅटो, द्राक्ष, ऊस, कांदा करणारा शेतकरी. त्याची पट्टी झाली, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे हातात आले, की संध्याकाळी पेठेत पैसा फिरतो. नाही झाली की उधारीची वही जाड होते.

जुलै 2023 आठवा. टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. सराफापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांचे दिवस बदलले, जुन्या उधाऱ्या चुकत्या झाल्या. आणि दोनेक महिन्यांत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी निघेना, लोकांनी माल रस्त्याच्या कडेला ओतला. पेठ लगेच थंड पडली. त्या चढउतारात रेल्वेने काय केलं असतं? ताशी 200 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत टोमॅटोचे क्रेट चढणार नव्हते. पडत्या भावात माल प्रक्रियेला गेला असता, द्राक्ष-भाजीला पुरेसं शीतगृह असतं, बाजार समितीच्या उपबाजारात, म्हणजे आपल्या टोमॅटो मार्केटात, पावसाळ्यात चिखल नसता, तर गाव त्या धक्क्यातून वाचलं असतं. गावाकडून सरकारला जाणाऱ्या निवेदनात या गोष्टी पहिल्या हव्यात. आज त्या शेवटच्या ओळीतही नाहीत.

चाकणची शिफ्ट

दादा, ज्याच्याकडे पाच एकर बागायत आहे त्याला तुमचं सगळं पटेल. आमच्या घरात आजोबांची जमीन वाटण्या होत होत माझ्या वाट्याला पाऊण एकर आली. त्यावर टोमॅटो लावायचा आणि भावाकडे बघत बसायचं? मी चाकणला कंपनीत आहे, तिथेच खोली घेऊन राहतो. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, पण चाकणचा ट्रॅफिक ज्याने एकदा भोगला तो रोज जाऊन येऊन नोकरी करण्याचं नाव काढणार नाही.

रेल्वे झाली असती तर माझ्यासारखे घरी राहून कामाला गेले असते. खोलीभाडं, किराणा, मेस, दवाखाना, सगळा पैसा आज चाकणच्या पेठेत जातो, तो नारायणगावात राहिला असता. तुम्ही शेतकऱ्याची पट्टी मोजता, आमचा पगार कुणी मोजायचा? आणि पोरगं गावात राहत नाही म्हणून लग्न जमत नाही, पोरगं शेतीच करतं म्हणूनही जमत नाही. या दोन्हीवर एक स्टेशन हा इलाज होता.

मीननेरकर

पगाराचा मुद्दा वजनदार आहे, तो मी सोडून देत नाही. पण 235 किलोमीटर पावणेदोन तासांत कापायला निघालेली गाडी चाकणच्या शिफ्टवाल्यासाठी किती वेळा थांबली असती आणि तिकीट किती असतं, याचा विचार कर. तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरल्या वेळेला सुटणाऱ्या एसट्या आणि चाकणमधला कोंडी सुटलेला रस्ता. त्याच्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही.

जुना हायवे

माझं दुकान जुन्या महामार्गावर आहे, त्यामुळे बाह्यवळणाचा अनुभव सांगतो. ते व्हायच्या आधी हेच भांडण झालं होतं. गाड्या बाहेरून गेल्या तर पेठ मरेल, असं निम्मं गाव म्हणत होतं. झालं काय? चहा-नाश्ता, वडापाव, थंड पाण्याची बाटली असा वाटसरूचा धंदा करणाऱ्यांना फटका बसला आणि तो खरा होता. काहींनी शटर खाली घेतलं. पण बियाणं, औषधं, कापड यांचं गिऱ्हाईक हललं नाही. उलट कोंडीला कंटाळून मंचरला किंवा आळेफाट्याला वळणारी आजूबाजूच्या गावची माणसं परत यायला लागली, कारण आता बायकापोरांना घेऊन मोटारसायकल पेठेत नेता येते.

म्हणून मीननेरकरांशी मी सहमत आहे. जो नुसता गावातून जातो तो आपला नव्हे, जो गावात येतो तो आपला.

राहुटीच्या दारात

याला माझा ठाम विरोध आहे. नारायणगावला तमाशापंढरी का म्हणतात? तमाशासम्राज्ञी विठाबाईंचं गाव म्हणून, हे आहेच. पण पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या (तंबू) इथेच का लागतात? पुणे, नगर, नाशिक, ठाणे, चारी बाजूंच्या गावकीला यात्रेतल्या तमाशाची सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, एका दिवसात येऊन परत जाता येतं म्हणून. गावचे पाच-सात जण जीप करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत जातात, फळ्यावर कोणती तारीख मोकळी आहे ते बघतात, बिदागीवर घासाघीस होते, विसार देऊन रात्रीपर्यंत घरी. गाव आडबाजूला असतं तर कितीही मोठा कलावंत इथे जन्मला असता तरी हा बाजार दुसरीकडे भरला असता.

टोमॅटोचंही तेच. परराज्यातला व्यापारी इथे येतो कारण पोचणं सोपं आहे. आज रस्ता आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत. उद्या रेल्वेने शिर्डी-नगरकडचा पट्टा जवळ आणला तर व्यापारी, गुंतवणूक, कॉलेजं तिकडे सरकतील. हे एका वर्षात दिसणार नाही, पण दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. रेल्वेची मागणी सोडू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

खोडदचा मास्तर

दुर्बिणीला शिव्या घालणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. आमच्या गावाजवळ 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. चौदा मध्यभागी, सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. त्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकतात. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती डोंगरांची आड होती आणि मोठ्या शहरांचा रेडिओ गोंगाट नव्हता म्हणून. विजेवर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्या आणि यंत्रणा त्याच लहरींत गोंधळ घालतात, म्हणजे शास्त्रज्ञांची हरकत हौसेची नाही. 2023 मध्ये विश्वात भरून राहिलेल्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगापुढे आले, त्यात या दुर्बिणीचा वाटा होता. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी गावोगावची पोरं एसट्या भरून येतात. पत्र्याच्या वर्गात बसणारी पोर त्या अँटेनाखाली मान वर करून उभी राहते, ते मी दर वर्षी बघतो.

पण मास्तर म्हणून दुसरी बाजूही मांडतो. देशासाठी हा परिसर शांत ठेवायचा, तर त्याची किंमत फक्त इथल्या लोकांनी का द्यायची? मोठे कारखाने नाहीत, आता रेल्वेही नाही. मग भरपाई म्हणून तालुक्याला काय मिळालं, हा प्रश्न सरकारला विचारायला हवा. दुर्बिणीशी भांडून हाती काही लागणार नाही.

येडगावची बाई

सगळे पुरुष मार्केटचं गुणगान करताय, म्हणून लिहिते. मी स्वतः माल घेऊन जाते. पहाटेपासून तोडणी, सावलीत निवड, रंग बघून क्रेट भरायचे, पिकअपमध्ये रचायचे. मार्केटला रांगेत क्रेट लावले की व्यापारी येतो, वरचे चार टोमॅटो बाजूला करतो, खाली हात घालून एक दाबून बघतो आणि भाव बोलतो. सकाळी आठशेने गेलेला माल दुपारी तसाच असून पाचशेला जातो. का, ते कुणी सांगत नाही. बाईमाणूस एकटी असली की भाव आणखी तुटतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बसायला सावली नाही, बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही.

मीननेरकर म्हणतात मार्केट वाचवा. वाचवा, पण आधी ते आमच्यासाठी सुधारा. आणि शेताला दिवसा वीज द्या. रात्री पाणी भरायला गेलं की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि सगळं लक्ष उसाकडे, बिबट्या कुठे बसलाय म्हणून. पोरं या भीतीने शेती सोडतात. रेल्वे मागणारे असोत की मार्केट, तुमच्या कुणाच्याच मागण्यांत हे नाही.

मीननेरकर

ताई, हे मी पहिल्या मुद्द्यात घेतो. भाव बोलल्याबरोबर फलकावर लागला पाहिजे, सकाळचा आणि दुपारचा दोन्ही. सावली आणि बायकांची सोय यांना शीतगृहासारखा मोठा निधी लागत नाही, बाजार समितीने मनावर घेतलं तर पुढच्या हंगामाआधी होईल. दिवसा वीज सगळ्यात वर.

मास्तरांचा भरपाईचा मुद्दा मला फार पटला. दुर्बिणीपायी कारखाने येऊ शकत नसतील तर प्रक्रिया उद्योग शास्त्रज्ञांशी बोलून, त्यांच्या अटींत बसवून सरकारने इथे उभा करावा. रेल्वेच्या बदल्यात मागायचं ते हे.

चाकणची शिफ्ट

बदल्यात म्हणालात की रेल्वे सोडली असाच अर्थ होतो. मला तो मान्य नाही. दिवसा वीज, मार्केट, एसटी, सगळं मागू, पण रेल्वेसाठी दुर्बिणीला लांबून वळसा घालणारा, तालुक्यातूनच जाणारा मार्ग तपासा, ही मागणी वेगळी आणि ठळक राहिली पाहिजे. अशी दोन पानं करणार असाल तर दोन्हींवर सही करतो आणि कंपनीतल्या आपल्या तालुक्याच्या पोरांच्याही आणतो. रविवारी गावात आहे.

मीननेरकर

दोन पानं करू. विजेचं आणि मार्केटचं पान आधी जाईल. रेल्वेच्या पानावर माझी सही नसेल, पण ते टाईप करून मी देतो. रविवारी सकाळी ये. येडगावच्या ताईंनाही यायला जमलं तर बरं, मार्केटचा मजकूर त्यांनी सांगावा.