भूतानची तयारी : जाऊन आलेल्यांनी सांगा

नोव्हेंबरमध्ये आईला भूतानला न्यायचंय. वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण पारोचं तक्त्सांग, तो कड्यावरचा मठ, बघायचंच म्हणते. काय बघायचं याची यादी आहे. मला हवंय ते त्याआधीचं: कागद, पैसे, प्रवास, चढ. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा, अडलं ते आधी लिहा.

*

पुणे, सासू-सासऱ्यांसह

कागदांनी आमचा जीव काढला होता. सहल बुक करणारे म्हणाले, आधार कार्ड चालेल. चालत नाही! भारतीयांना पासपोर्ट हवा, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर मतदार ओळखपत्र. सासऱ्यांकडे पासपोर्ट नव्हता आणि ओळखपत्र कुठे ठेवलंय ते आठवेना. शेवटी ते साताऱ्याच्या घरी सापडलं, गोदरेजच्या कपाटात, जुन्या वीजबिलांच्या पुडक्यात. आम्हाला निघायला तीन आठवडे होते म्हणून निभावलं. तिकिटं काढण्याआधी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं टेबलावर मांडा.

*

नाशिक, दोन मुलं (नऊ आणि चार)

वरच्यांना जोड: अठराच्या आतल्या मुलांना पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला लागतो आणि तो इंग्रजीत हवा. धाकट्याचा दाखला ग्रामपंचायतीचा, फक्त मराठीतला. दोन फेऱ्या मारून इंग्रजी मजकुराचा करून घेतला.

आता पैसे. करोनानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये देश पुन्हा उघडला तेव्हापासून भारतीयांनाही शाश्वत विकास शुल्क आहे, माणशी दर रात्री १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. आम्ही सहा रात्री राहिलो: दोघांचे १४,४००, मोठीचे ३,६००, धाकट्याचे शून्य. एकूण १८,००० रुपये, आणि यात हॉटेल, गाडी, जेवण काही नाही. इतर परदेशी पाहुण्यांना रात्रीचे १०० डॉलर पडतात, त्यामानाने आपल्याला बरीच सवलत आहे.

'एवढे कशाला द्यायचे' असं घरात बरंच झालं. पण पुनाखाच्या झोंगसमोर (झोंग म्हणजे किल्ल्यासारखा मठ) फो छू आणि मो छू या नद्या एकत्र येतात तिथे अर्धा तास बसलो होतो. ना कुणी मागे ढकलत होतं, ना कुठे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग. मला ते पैसे पटले. फक्त एक करा, रात्री कमी करण्यापेक्षा ठिकाणं कमी करा. थिंफू, पुनाखा, पारो एवढं सहा रात्रींना पुष्कळ आहे.

*

ठाणे

गाईडचं कुणी लिहिलं नाही. थिंफू आणि पारोच्या बाहेर जायचं तर परवानाधारक गाईड सक्तीचा आहे. आम्ही चौघांत एक घेतला, खर्च वाटला गेला. झोंगमध्ये शिरताना पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट हवी, टोपी काढायची, हे तो दर वेळी हळूच आठवण करून द्यायचा.

*

बंगळूर (मूळ कोल्हापूर)

आम्ही हासीमारापर्यंत रेल्वेने, तिथून सीमेवरचं जयगाव, आणि सीमेची कमान ओलांडून भूतानमधलं फुंत्शोलिंग. ऑगस्टमध्ये गेलो ही चूक. तिथून थिंफूला जाताना वाटेत गेडूजवळ धुकं इतकं की पुढच्या गाडीचे दिवेच दिसत होते, आणि पुढे दरड कोसळलेली. पाच तासांच्या रस्त्याला अकरा तास लागले. आईंना न्यायचंय तर पावसाळा टाळताच आहात, उत्तम. आणि तिथे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे करा.

*

डोंबिवली, वडील एकाहत्तर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. तक्त्सांग ३,१२० मीटरवर. वडिलांना पहिल्याच दिवशी नेलं नाही, शेवटच्या आदल्या दिवशी नेलं, तोवर श्वास तिथल्या हवेला सरावला होता. सकाळी लवकर निघालो. घोडा साधारण अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातो आणि उतरताना मिळत नाही, म्हणजे गुडघ्यांची खरी परीक्षा परतीला. काठी खालीच भाड्याने घ्या. कॅफेटेरियातून मठ समोर कड्याला चिकटलेला दिसतो. बरेच ज्येष्ठ तिथेच थांबतात आणि त्यात काही कमी नाही.

वडील पुढे गेले. मठासमोर पोहोचल्यावर पायऱ्या आधी खाली उतरतात, धबधब्याजवळचा पूल येतो, मग पुन्हा चढ. सगळ्या मिळून सातशेच्या वर. मोबाईल, कॅमेरा, पिशवी दारातच ठेवायची. बूट काढल्यावर फरशी बर्फासारखी लागते, जाड मोजे न्या. आत लोण्याच्या दिव्यासमोर वडील बराच वेळ हात जोडून उभे होते. फोटो नाही, पण मला ते रोज दिसतं.

*

गोवा

शाकाहारींनी घाबरू नका. एमा दात्शी या तिथल्या नेहमीच्या पदार्थात मिरची ही चवीला नसते, तीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. ठेचा खाणाऱ्यालाही पाणी प्यावं लागतं. आईंसाठी केवा दात्शी मागा, तोच प्रकार बटाट्याचा. लाल भाताबरोबर छान लागतो.

*

नागपूर

नोव्हेंबर म्हणताय तर फोब्जिखा खोऱ्याचा विचार करा. ऑक्टोबरअखेर काळ्या मानेचे क्रौंच तिबेटकडून तिथे उतरतात, ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सव असतो. पक्ष्यांना अडथळा नको म्हणून त्या खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात. थंडी मात्र कडक, आईंना दोन स्वेटर जास्तीचे.

*

सुरुवात केली ती मीच

आईचं मतदार ओळखपत्र सापडलं, देव्हाऱ्याच्या खणात. सात रात्री धरतोय, तक्त्सांग सहाव्या दिवशी. तिला कॅफेटेरियापर्यंतचं सांगितलं. म्हणाली, तिथे पोहोचल्यावर बघू.