गोळ्या फुकट आहेत, मग फुटपाथवरचे टीबीवाले बरे का होत नाहीत?

परळची_सून: काल इथे एकाने लिहिलंय, "टीबीची औषधं फुकट, वर सरकार पैसे देतं, तरी हे फुटपाथवाले कोर्स अर्धवट सोडतात आणि आपल्या पोरांना आजार देतात." वाचून डोकंच फिरलं. अहो सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या, त्या ठेवायच्या कुठे? आमच्याइथे पुलाखाली एक काका राहायचे, अतिक्रमणवाल्यांची गाडी आली नि गाठोडं उचलून नेलं, त्यातच गोळ्या, एक्सरे, केसपेपर. दवाखान्यात गेले तर जुने कागद आणा. आणि ते निक्षयचे पैसे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० झालेत, पण येतात बँक खात्यात. आधार हरवलेल्या माणसाचं खातं कोण उघडतं?

रोखठोक: पोस्ट माझीच. माझ्या पुतणीला एमडीआर झाला, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी, दीड वर्ष औषधं, कॉलेज सुटलं. तिचा काय गुन्हा? निवारे असतात, हे लोक जात नाहीत, तिथे दारू चालत नाही ना.

साधा_माणूस७१: कुठले निवारे? लाख वस्तीमागे एक निवारा, हे सुप्रीम कोर्टानेच २०१० मध्ये सांगितलंय. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे तरी हवेत. तुमच्या वॉर्डातला एक दाखवा.

विदर्भवाला: सगळ्यांना बेघर म्हणू नका पण. परळला कॅन्सरचे पेशंट फुटपाथवर झोपतात त्यांची गावाकडे घरं आहेत, शेती आहे.

परळची_सून: केमोने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या माणसाला गटाराशेजारी इन्फेक्शन होताना गावचं शेत आडवं येतं का?

विदर्भवाला: ताई, चिडू नका. गाडगेबाबांची धर्मशाळा आहे की दादरला.

मुक्काम_पोस्ट: आहे, आणि तिथल्या लोकांनी आम्हाला जीव लावला. पण नंबर लागेपर्यंत बाबांना घेऊन नऊ रात्री रस्त्यावर काढल्या, नळी लावलेली, वर प्लास्टिक धरून मी बसलेलो. शेत होतं आमचं, चार एकर, उपचारात दोन गेलं. आम्ही त्या नऊ रात्री कोण होतो ते तुम्हीच सांगा.

विदर्भवाला: बरं, तो शब्द मागे घेतो. पण धर्मादाय हॉस्पिटलांचं कोणी का बोलत नाही? १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, हा नियम आहे. माझ्या मावसभावाला एका मोठ्या हॉस्पिटलने खाट नाही म्हणून परत पाठवलं, पैसे भरतो म्हटल्यावर तासाभरात खाट निघाली!

साधा_माणूस७१: तुमच्या भावाकडे निदान रेशनकार्ड तरी होतं. इथे पहिला प्रश्न असतो, सोबत कोण आहे?

रोखठोक: गाठोड्याचं मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य. दारूचं मात्र कोणीच बोललं नाही.

परळची_सून: दारू पिणारे माझ्या चाळीतही आहेत. त्यांची बायको समोर उभी राहून गोळी गिळायला लावते.

रोखठोक: त्या काकांचं पुढे काय झालं?

परळची_सून: गेले, पावसाळ्यात. बेवारस म्हणून नोंद झाली. नाव आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, विचारलं कोणी नाही.