मदत हवी आहे: जुना अग्निशमन बंब घ्यावा का?

नमस्कार मंडळी, आमच्या नगरपंचायतीकडे स्वतःचा बंब नाही. तालुक्याहून यायला पाऊण तास लागतो. गेल्या उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटली, बंब पोचेपर्यंत शेजारचा गोठाही गेला.

आता 2012 चा, 4500 लिटर टाकीचा एक बंब विकाऊ आहे. इंजिन ठणठणीत, पण टाकीच्या झाकणातून हात घातला तर गंजाचे पोपडेच हाती आले. विहिरीतून पाणी खेचून दाखवायलाही मालक तयार नाही. पंप हवा धरत असेल का, म्हणजे कुठूनतरी हवा आत शिरून पाणी खेचलं जात नसेल का?

शिवाय 15 वर्षांवरच्या सरकारी व पालिकांच्या गाड्यांची नोंदणी एप्रिल 2023 पासून रद्द होते. म्हणजे 2027 पर्यंतच? टाकी स्टेनलेस स्टीलची करून घेणं परवडेल का? कुणी असा बंब घेतला असेल तर कृपया सांगा, ठराव लवकरच सभेपुढे येतोय.